मुका चट्टा

वसईची वाडी सोडून मी १९९६ साली मराठवाड्यात नोकरीस गेलो. नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यात इस्लापूर हे गाव आहे. भोवती सागाचे रान, आणि जवळच पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा. त्या परिसरातील एका निवासी शाळेत मी शिक्षक होतो. डॉक्टर हाकेच्या अंतरावर नसे, त्यामुळे वसतिगृहातील मुलांची लहानसहान दुखणी गुरुजींच्या वाट्याला येत. माझ्या खोलीत एक पत्र्याचा डबा होता. त्यात कापूस, जंतुनाशक, खोबरेल तेल आणि दोन-चार मलमे असत. त्या डब्याचा मला तेव्हा मोठा अभिमान वाटे.

बहुतेक तक्रारी कातडीच्याच असत. एप्रिल-मे महिन्यांत मुलांच्या पाठी घामोळ्यांनी लाल होत. घामाची छिद्रे बुजली की हे होते. थंड पाण्याची आंघोळ आणि सैल सुती सदरा एवढ्याने ते शमते. कुणाच्या अंगावर पित्त उठे. त्या गांधी काही तासांत जागा बदलत व मावळत. बोटांच्या बेचक्यांत पुरळ आणि रात्री वाढणारी खाज असली की ती खरूज. ती एकट्या मुलाच्या औषधाने जात नाही. एका छपराखाली निजणाऱ्या साऱ्यांनी एकाच वेळी औषध लावावे लागते. त्या रानात बिब्ब्याची झाडेही पुष्कळ. काटा मोडला किंवा गुडघा दुखला की बिब्बा लावण्याची तिकडे रीत आहे. पण तो उतला म्हणजे कातडी लालभडक होऊन फोड येतात. अशा वेळी ती जागा साबणाने लगेच धुणे हेच पहिले काम.

या साऱ्या दुखण्यांत एक गुण होता. ती बोलकी होती. खाज, आग किंवा ठणका यांनी ती मुलाला माझ्या दारापर्यंत ओढून आणीत. जे बोलत नाही त्याची दखल घेण्याची सवय मला नव्हती.

१९९७ च्या पावसाळ्यात सातवीतील एका मुलाच्या कोपराखाली मला रुपयाएवढा चट्टा दिसला. तो लाल असा नव्हता. आपल्या सावळ्या कातडीवर लाली लाल दिसतेच असे नाही. ती तांबूस, जांभळट वा काळपट दिसते. मी त्याला विचारले, "खाजतंय का रे?"

"न्हाई गुरजी. कायबी दुखत न्हाई."

मला बरे वाटले. गजकर्ण असावे असे ठरवून मी डब्यातील मलम दिले. गजकर्णाची कडा लाल असते आणि ते खाजते, हे मला ठाऊक होते. तरी मनाने सोयीचे तेवढेच पाहिले. तीन महिने तो मुलगा निमूटपणे मलम लावीत राहिला आणि चट्टा होता तसाच राहिला.

एके संध्याकाळी स्वयंपाकघरात खिचडीचे पातेले उतरविण्यास तो पुढे झाला. त्याने फडके न घेताच काठ धरला. मी ओरडलो, तेव्हा त्याने पातेले खाली ठेवले आणि माझ्याकडे नवलाने पाहिले. त्याची करंगळी भाजून पांढरी पडली होती आणि त्याला ते कळलेही नव्हते.

दुसऱ्याच दिवशी मी त्याला घेऊन किनवटला गेलो. सरकारी रुग्णालयातील कुष्ठरोग तंत्रज्ञाने त्याला डोळे मिटावयास सांगितले आणि कापसाची वात निरनिराळ्या जागी टेकवून, स्पर्श होईल तेथे बोट ठेवण्यास सांगितले. चांगल्या कातडीवर मुलाचे बोट अचूक जाई. चट्ट्यावर वात फिरली तेव्हा तो वाट पाहत तसाच उभा राहिला. मग त्या गृहस्थांनी माझी बोटे त्याच्या कोपराच्या आतल्या बाजूस ठेवली. तेथील नस दोरीसारखी जाड लागत होती.

आपणा सर्वांस परिचित असलेले संत डेमियन यांना १८८४ साली आपला रोग कळला तो असाच. कढत पाण्यात पाय ठेवल्यावर फोड आले, पण वेदना झाली नाही. ज्या १८७३ साली ते मोलोकाई बेटावर उतरले, त्याच साली नॉर्वेत हॅन्सन यांना या रोगाचे जंतू दिसले होते. परंतु औषध यायला अनेक वर्षे लागली. आज ते सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. रोग अल्प असेल तर सहा महिने आणि अधिक असेल तर बारा महिने घेतले की रोगी बरा होतो. हा रोग आनुवंशिक नाही, आणि उपचार सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत रोग्यापासून संसर्गाचे भय उरत नाही. २००५ च्या अखेरीस आपल्या देशात त्याचे प्रमाण दहा हजारांत एकाहून खाली आले, तरी दर वर्षी लाखाच्या आसपास नवे रुग्ण आढळतात. त्यांत मुलेही असतात.

म्हणून माझ्या चुकीतून शिकलेले थोडे सांगतो. लाली काही तासांत पसरत असेल, जागा गरम व सुजलेली असून ताप असेल, तर उद्याची वाट पाहू नये. मधुमेह्याच्या पायाबाबत तर मुळीच नको. काचेचा पेला दाबूनही न पुसट होणारे लाल ठिपके तापासोबत आले, पित्त उठताना ओठ-जीभ सुजली वा श्वास अडकला, किंवा नवे औषध घेतल्यावर तोंडात व डोळ्यांत फोड आले, तर त्याच घटकेला रुग्णालय गाठावे. डोळ्याजवळ उठलेली नागीणही थांबू देत नाही. दुकानदाराने दिलेल्या मलमात स्टेरॉइड असते कित्येकदा. त्याने गजकर्ण दबते आणि आतून पसरते. आणि न खाजणारा, न दुखणारा चट्टा, मग तो तांबूस असो वा फिकट, कापसाने तपासून डॉक्टरांना दाखवावा. कुष्ठरोगाच्या नुसत्या नावाला भिऊन तो लपवू नये.

त्या मुलाने सहा महिने औषध घेतले व तो पूर्ण बरा झाला. पुढे अनेक वर्षांनी नांदेडच्या रेल्वे स्थानकावर त्यानेच मला ओळखले. सोबत पत्नी व लहान मुलगी होती. "ह्ये माझे गुरजी," असे त्याने तिला कौतुकाने सांगितले आणि नमस्कारासाठी हात जोडले. बाकीची बोटे नीट जुळली. उजवी करंगळी मात्र वाकलेलीच राहिली. ते तीन महिने त्या बोटात राहून गेले आहेत, आणि त्याला ते ठाऊक नाही.