वळण आणि गिरवणे

मुलांना चांगले वळण असावे, याविषयी आपल्या समाजात दुमत नाही. दुमत आहे ते वळण लावायचे कोणी, याविषयी. पालकसभेत शिक्षक घराकडे बोट दाखवितात आणि पालक शाळेकडे. या दोन बोटांच्या मध्ये अकरा ते चौदा वर्षांचे मूल उभे असते आणि जे त्याला कोणी शिकविलेच नाही, त्याबद्दल रोज बोलणी खात असते. कतारगाममधील एका शाळेत सहावी ते आठवीच्या वर्गांना आम्ही अनेक वर्षे शिकविले. त्या अनुभवावरून आम्हांस असे वाटते की, शाळेतील सामायिक जागांमधले वर्तन हाही एक विषयच आहे आणि तो गणिताप्रमाणेच पायरीपायरीने शिकवावा लागतो.

कतारगाम हे एके काळी सुरतेच्या वेशीबाहेरचे गाव. येथल्या पापडीवाचून सुरती उंधियू पुरा होत नसे. पुढे शेतांच्या जागी हिऱ्यांना पैलू पाडणारे कारखाने उभे राहिले आणि त्यांच्या ओढीने भावनगर-अमरेलीकडची कुटुंबे येथे आली. तापी खोऱ्यातल्या रेल्वेने खानदेशातली आपली माणसे तर आधीपासून सुरतेस येतच होती; उत्तर प्रदेश आणि ओडिशा येथूनही आली. म्हणूनच सुरतेच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळा गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू अशा अनेक माध्यमांत चालतात. इतक्या घरांची मुले मधल्या सुट्टीत पाण्याच्या एकाच नळावर येतात, तेव्हा प्रत्येकजण आपल्या घरची रीत बरोबर घेऊन येतो. एकाला ओंजळीने पाणी पिणे स्वाभाविक वाटते, दुसऱ्याला ती ओंजळ नळाला लागलेली खपत नाही. एकाला मोठ्याने हाक मारण्यात आपुलकी वाटते, दुसऱ्याला तो दांडगेपणा वाटतो. अशा वेळी ‘नीट वागा’ ही आज्ञा मुलांच्या डोक्यावरून जाते. नीट म्हणजे कोणाच्या घरच्यासारखे?

याहून वाईट असे की, गोंधळ झाला म्हणजे कोणी वडीलधारे चटकन म्हणून जातात, ‘ही खानदेशी पोरे अशीच’ किंवा ‘हे काठियावाडी असेच’. मुलाची चूक एका क्षणाची असते. हे वाक्य मात्र त्याच्या मनात वर्षानुवर्षे राहते. जे वर्तन शिकविता येते, ते जातीचा वा प्रांताचा गुण ठरविले की शिकविण्याची जबाबदारीच संपते.

आपल्या भाषेत ‘वळण’ हा शब्द अक्षरालाही लावतात आणि वागण्यालाही. अक्षराला वळण कसे येते, हे आपण सर्वजण जाणतो. आधी कोणी काढून दाखवितो, मग मूल गिरवते, चुकते, पुन्हा गिरवते. ‘अक्षर सुंदर काढ’ असे शंभर वेळा ओरडल्याने कोणाचेही अक्षर सुधारले नाही. वागण्याचेही तसेच आहे. जून महिन्यात शाळा उघडली की पहिल्या आठवड्यात आम्ही प्रत्येक वर्गाला पाच ठिकाणी नेत असू: जिना, नळ, भोजनाची पंगत, प्रार्थनेचे पटांगण आणि स्वच्छतागृह. तेथे उभे राहूनच कसे वागायचे ते करून दाखवायचे, का ते सांगायचे आणि मुलांकडून करवून घ्यायचे. दिवाळीची एकवीस दिवसांची सुट्टी संपली की सारे धुऊन गेलेले असे; तेव्हा रागावण्याऐवजी पुन्हा एकदा गिरवून घ्यायचे. या वयात सांगण्यापेक्षा कारण महत्त्वाचे. सातवीतल्या मुलास शिक्षकाच्या शाबासकीहून मित्राचे मत मोठे वाटते. म्हणून नळावरचा नियम आम्ही मुलांनाच ठरवावयास लावला आणि तो मराठी व गुजराती अशा दोन्ही लिपींत लिहविला. कारण गावाकडून नुकत्याच आलेल्या मुलास जी पाटी वाचताच येत नाही, ती मोडल्याचा दोष त्याला कसा द्यावा?

जिन्याचे कारण सुरतेत फारसे समजावून सांगावे लागत नाही. 24 मे 2019 रोजी सरथाणा भागातील एका इमारतीस आग लागली आणि वरच्या मजल्यावरच्या शिकवणी-वर्गातली 22 मुले गेली. त्यात मुलांचा दोष तिळमात्र नव्हता. बाहेर पडण्याची वाट मोकळी व सुरक्षित ठेवणे हे मोठ्यांचे काम होते. पण त्यानंतर डाव्या बाजूने, न ढकलता, लहानांना पुढे ठेवून उतरण्याचा सराव मुले थट्टेवारी नेत नाहीत.

सर्वांत अवघड धडा स्वच्छतागृहाचा, कारण त्याविषयी बोलण्यासच सर्वांना संकोच. सातवीतली एक मुलगी रोज पाण्याची भरलेली बाटली तशीच घरी नेत असे. तिच्या आईस वाटे, पोर विसरभोळी आहे. खरी गोष्ट अशी की, शाळेत ‘तिकडे’ जावे लागू नये म्हणून ती दिवसभर पाणीच पीत नसे. पुढे महिन्यातून तीनचार दिवस तिची गैरहजेरी लागू लागली आणि घरी शाळा सोडविण्याची भाषा सुरू झाली. दाराची कडी तुटलेली, बादली जागेवर नाही, आधी गेलेलीने पाणी ओतलेले नाही. एवढ्याशा तीन गोष्टींवर एका मुलीचे शिक्षण अडले होते. शिष्टाचार ही वरवरची शोभा नव्हे, हे आम्हांस त्या वेळी जितके स्पष्ट दिसले तितके कोणत्याही ग्रंथात दिसले नसते.

कडी बसविणे आणि नळास पाणी आणणे हे मुलांचे काम नव्हते; त्यासाठी आम्हांस बरेच हेलपाटे घालावे लागले. परंतु ते झाल्यावर मुलींना विश्वासात घेऊन सांगता आले की, आपल्या मागून येणारी कोण असेल याचा विचार करून बाहेर पडा. बादली भरून ठेवण्याच्या पाळ्या त्यांनीच लावल्या. कोरड्या नळापुढे उभे राहून स्वच्छतेचे व्याख्यान देणे ही थट्टा आहे. पाणी असताना ते न ओतणे हा दोष आहे. या दोहोंतला भेद मुले अचूक ओळखतात. ती मुलगी आठवी उत्तीर्ण होऊन पुढे गेली.

हा मार्ग काही आमचा शोध नव्हे. साने गुरुजी 1924 ते 1930 या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. छात्रालयातील मुलांच्या अस्ताव्यस्त खोल्या ते स्वतः निमूटपणे आवरून ठेवीत. ते पाहून मुलेच ओशाळत व आपले सामान आपण नीट लावू लागत. तिकडे भावनगरला गिजुभाई बधेका यांनी 1920 मध्ये बालमंदिर सुरू केले आणि धाकाशिवायही मुले स्वच्छता व शांतता आपणहून पाळतात, हे दाखविले. आपल्या ताराबाई मोडक त्यांच्याच सहकारी. पुढे बोर्डी व कोसबाड येथे त्यांनी हे काम आदिवासी मुलांपर्यंत नेले. अमळनेर आणि भावनगर या दोन्ही मुलुखांची लेकरे आज कतारगामच्या एका नळावर पाणी पितात. त्यांच्या वाट्याला या दोन्ही गुरूंचा वारसा यावा, एवढेच आमचे मागणे.

छडीने हे लवकर साधते, असे काही पालक अजूनही म्हणतात. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंस मनाई केली आहे, हे तर खरेच. पण कायदा नसता तरी आमचे उत्तर तेच असते. छडी पाहणारा असेपर्यंत काम करते. सामायिक जागेत तर बहुधा पाहणारा कोणी नसतोच.

शहरेही अशीच शिकतात. 1994 च्या प्लेगने सुरतेचे नाव जगभर खाली गेले. 1995 पासून आयुक्त एस. आर. राव यांच्या कारकिर्दीत कचरा रोज, ठरल्या वेळी उचलला जाऊ लागला, रस्ते रात्रीही झाडले जाऊ लागले, नियम लहानथोर सर्वांना सारखा लागू झाला आणि हळूहळू लोकांचे हात वळले. 2023 च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरत इंदूरसह पहिली आली. माणसे तीच, शहर तेच. आधी सोय झाली, मग सातत्य आले आणि त्यातून सवय जडली.

घरी आपण काय करावे, असे भगिनी विचारतात. शाळेचा नियम मुलाकडूनच समजून घ्यावा आणि घरातही तो मोडू नये. आणि संध्याकाळी मूल दप्तर ठेवते तेव्हा गुणांची चौकशी करण्याआधी त्याची पाण्याची बाटली हातात घेऊन पाहावी. ती भरलेली असली, तर रागावू नये. जवळ बसवून कारण विचारावे आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन यावे.