जुनं तेल आधी बघ

सेंट क्लेअर शोअर्स, मिशिगन
२८ सप्टेंबर

चि. सोनूस,


परवा फोनवर तू म्हणालीस, "आत्या, बोट महिनाभरात बाहेर काढायची आहे. गिअर ऑइल एप्रिलमध्येच बदलेन, म्हणजे सगळं एकदम होईल." मी तेव्हा बोलले नाही. तुझ्यामागे बाळ रडत होतं आणि हा विषय दोन मिनिटांत उरकणारा नव्हता. म्हणून पत्र लिहितेय. वाचून झालं की प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बोटीतल्या हत्यारांच्या डब्यात ठेव. हात तेलाने बरबटले की फोन धरवत नाही, कागद धरवतो.

एप्रिल नको. बोट पाण्याबाहेर आली की त्याच आठवड्यात तेल काढ. एवढंच सांगायचंय, पण नुसतं सांगून तू ऐकायची नाहीस, तू तुझ्या आजोबांवर गेली आहेस. त्यामुळे कारणही सांगते.

तुझ्या बोटीचं इंजिन बोटीच्या पोटात आहे, मोटारीतल्यासारखंच. पण पंखा पाण्यात, बाहेर. या दोघांना जोडणारा, बोटीच्या मागच्या फळीवर लटकणारा तो उभा पाय म्हणजे स्टर्नड्राइव्ह. इंजिनाची फिरकी फळीतून आडवी बाहेर येते, वरच्या गिअरमध्ये काटकोनात वळून खाली जाते, आणि तळाशी पुन्हा काटकोनात वळून पंख्याच्या दांड्याला मिळते. दोन वळणं, दोन्हीकडे दात्यावर दाता, आणि बोट पुढे ढकलायचा सगळा जोर त्या दात्यांवरून जातो. व्होल्वो पेंटाने १९५९ साली न्यूयॉर्कच्या बोट प्रदर्शनात हा प्रकार बाजारात आणला आणि १९६१ मध्ये मर्क्रूझर आला. मर्क्रूझर बनवणाऱ्या मर्क्युरीचं मुख्य ठाणं फाँ द्यू लॅकला आहे, तुझ्या मॅडिसनहून तासा-सव्वातासाच्या वाटेवर. म्हणजे तुझ्या ड्राइव्हचं माहेर तुझ्या शेजारीच आहे.

आता असं बघ. हे गिअर तेलात बुडालेले, आणि तो अख्खा डबा पाण्यात बुडालेला. मोटारीचा गिअरबॉक्स जन्मभर कोरड्या हवेत असतो. तुझा गिअरबॉक्स उन्हाळाभर सरोवरात उभा असतो. तेल आणि मेंडोटा सरोवर यांच्यामध्ये काय आहे? रबराच्या काही पातळ कडा. पंख्याच्या दांड्यावरची सील, वरचा आणि खालचा भाग जुळतो तिथली रबरी रिंग, आणि स्क्रूखालचे नखाएवढे वॉशर. 

या सीलचा सगळ्यात मोठा वैरी म्हणजे तंगूस, गळाची नायलॉनची दोरी. आमच्या सेंट क्लेअर सरोवरावर बास आणि मस्की मासे धरणाऱ्यांची गर्दी असते, तुटलेली तंगूस पाण्यात तरंगत असते. पंख्याने ती ओढून घेतली की ती दांड्याभोवती गुंडाळत आत सरकते, घट्ट होते आणि सीलची कड कापते. बोटीवर बसलेल्याला काही कळत नाही. बोट तशीच पळते, आवाज तोच. फक्त थेंबाथेंबाने तेल बाहेर जातं आणि पाणी आत येतं.

माझं असंच झालं होतं. बोट घेऊन दुसरंच वर्ष. तेव्हा मीही हेच म्हटलं होतं, वसंतात बदलू, नवं तेल ताजं राहील. ज्या दुकानात बोट हिवाळ्यासाठी ठेवली त्यांनीही हो म्हटलं. इंजिनातलं पाणी काढलं, अँटिफ्रीझ भरलं, पांढरं प्लॅस्टिक गुंडाळलं. ड्राइव्हच्या पोटात काय आहे हे कोणी पाहिलं नाही, मीही नाही. एप्रिलमध्ये प्लॅस्टिक काढलं तेव्हा खालच्या डब्याच्या बाजूला केसासारखी रेघ दिसली. तिच्यावरून बोट फिरवलं तर नखाला लागली. तळाचा स्क्रू सैल केला आणि आधी तेल आलंच नाही, पाणी आलं. तेलापेक्षा पाणी जड, ते तळाशी बसतं. तिथेच ते डिसेंबरात गोठलं होतं. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या बंद डब्यात फुगायला जागा नसते. डबा तडकला. पंखा काढला तर मागे तंगुशीचं काळं वेटोळं होतं. अख्खं लोअर युनिट बदलावं लागलं, दोन हजार डॉलरच्या वर गेले. सील बदलायला त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढेही लागले नसते, जर ऑक्टोबरात तो स्क्रू फिरवला असता.

त्या दिवशी मला देवगड आठवलं. आगोटीला होड्या वर ओढायचे तेव्हा बाबा, म्हणजे तुझे आजोबा, होडी शाकारायची घाई कधी करू देत नसत. वाळूवर ओंडके लावून होडी टेकवली की ते खाली वाकून तिच्याभोवती एक फेरी मारत. होडीच्या तळाशी साठलेलं पाणी जिथे सांधा कच्चा असेल तिथून बाहेर ठिबकतं. तिथे ते खडूने खूण करत. मग चार दिवसांनी वर झापं. मी विचारलं होतं, श्रावणात दुरुस्ती करायचीच आहे, मग आज चिखलात कशाला? ते म्हणाले, ओली आहे तोवर ती सांगते, सुकली की सगळेच सांधे सारखे दिसतात. मी दहा-अकरा वर्षांची असेन. ते वाक्य मला समजायला मिशिगनात यावं लागलं.

तर आता काम. तुझा ड्राइव्ह माझ्यासारखाच, मर्क्रूझरचा अल्फा वन, दुसरी पिढी. याला मॉनिटरच्या, म्हणजे तेलाची पातळी दाखवणाऱ्या बाटलीसकट ६४ औंस तेल लागतं, म्हणजे जवळजवळ दोन लिटर. त्यांचाच ब्राव्हो असता तर जास्त लागलं असतं, म्हणून दुसऱ्याचा आकडा ऐकून बाटल्या आणू नकोस. तेल बोटीसाठी बनवलेलंच घे. मोटारीच्या गिअरचं तेल स्वस्त मिळतं आणि त्याच जाडीचं दिसतं, पण बोटीच्या तेलात थोडंफार पाणी शिरलं तरी गिअर गंजू नयेत अशी द्रव्यं घातलेली असतात. दोन नवे वॉशरही आण. जुने पुन्हा लावायचे नाहीत, वीस पैशांच्या चकतीवर दोन हजारांचा डबा सोपवायचा नाही.

किल्ली काढून खिशात घाल. ड्राइव्ह पूर्ण खाली, पंख्याचा दांडा जमिनीला समांतर. इंजिनाजवळची मॉनिटरची बाटली आधी रिकामी कर. मग तळाचा स्क्रू, आणि इथे थांब, सोनू. स्क्रू पूर्ण काढू नकोस. खाली काचेची स्वच्छ बाटली धर आणि अर्धा वेढा सैल कर. पहिली धार बाटलीत घे. सगळी गोष्ट त्या पहिल्या धारेत आहे. पाणी असलं तर तेच आधी येणार. लोक सरळ बादली ठेवतात, स्क्रू काढतात, वरचा स्क्रू काढतात आणि कॉफी प्यायला जातात. परत येतात तेव्हा बादलीत सगळं मिसळलेलं असतं.

मग बाकीचं बादलीत जाऊ दे. वरचा स्क्रू काढलास की हवा आत जाईल आणि धार मोकळी होईल. गंधकाचा वास येईल, घाबरू नकोस, दात्यांवरचा दाब सोसण्यासाठी जे घालतात त्याचा तो वास. करपलेला वास मात्र वेगळा असतो, तो एकदा नाकात बसला की विसरत नाही. तेल काळं आणि करपट असेल तर ते फार तापलंय किंवा फार जुनं झालंय.

स्क्रूच्या टोकाला चुंबक आहे. त्यावर शिशासारखा मऊ, करडा लेप असणारच, बोटाने पुसला की जातो. पण बोटाला टोचणारी चीप किंवा कपचा लागला तर नवं तेल भरू नकोस, मला फोन कर.

आणि रंग. नव्या तेलाची बाटली शेजारी ठेवून बघ. नव्यापेक्षा थोडं गडद असेल तर उत्तम. दुधाच्या कॉफीसारखं दिसलं तर पाणी शिरलंय. पण इथेही लगेच निकाल देऊ नकोस, बोट नुकतीच पळवलेली असेल तर तेलात हवेचे बारीक बुडबुडे असतात आणि त्यानेही ते धुरकट दिसतं. काचेची बाटली झाकण लावून रात्रभर तशीच ठेव. बुडबुडे असतील तर सकाळी तेल नितळ होतं. पाणी असेल तर दुधाळपणा तसाच राहतो किंवा तळाशी पाण्याचा थर दिसतो. माझ्या तळघरात गेल्या एकवीस वर्षांच्या अशा बाटल्या आहेत, झाकणावर वर्ष लिहून. एखाद्या वर्षी शंका आली की मागच्या वर्षीची शेजारी धरते.

दुधाळ निघालं तर भरायच्या आधी ड्राइव्ह दाबाच्या चाचणीला दे. हातपंपाने आत हवा भरतात आणि काटा खाली येतो का बघतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दिलास तर मेकॅनिकला अख्खा हिवाळा मिळतो. मे महिन्यात त्याच कामाला तीन आठवडे रांग लागते, आणि तोवर तुमचा छोटा उन्हाळा निम्मा संपतो.

भरायचं ते खालून, कधीही वरून नाही. वरून ओतलंस तर आत हवा अडकते, तेल पुरेसं झालं असं वाटतं, आणि वरचे गिअर कोरडे फिरतात. तळाच्या भोकाला पंप लाव आणि हळूहळू दाब. वरच्या भोकातून बुडबुडा नसलेली अखंड धार आली की तिथला स्क्रू नव्या वॉशरसकट बसव. पंप चालू ठेव, तेल मॉनिटरच्या बाटलीत चढेल, खुणेपर्यंत आलं की थांब. त्याच्यावर नको, तेल तापल्यावर फुगतं. बाटलीचं झाकण लाव, मगच पंप काढ. वरच्या वाटा बंद असल्या की खालून थोडंसंच ओघळतं, तेवढ्यात तळाचा स्क्रू बसवून टाक. घट्ट कर, पण अंगाचा जोर लावू नकोस, अ‍ॅल्युमिनियमचे आटे मऊ असतात.

त्याच दिवशी पंखाही काढ. दर वर्षी, काही दिसत नसलं तरी. मागे तंगूस असेल तर पूर्ण निघेपर्यंत सोडू नकोस. ड्राइव्ह हिवाळाभर खालीच ठेव, वर उचलून ठेवलास तर त्यातलं सरोवराचं पाणी निथळत नाही, आणि फळी नि ड्राइव्ह यांच्यामधले रबरी भातेही ताणलेल्या घडीत कडक होतात.

कंपनी म्हणते शंभर तास किंवा वर्ष, जे आधी होईल ते. आपण वर्षाला चाळीस-पन्नास तास चालवतो, म्हणून काही जण दोन वर्षं जाऊ देतात. मला ते पटत नाही. तेल दोन वर्षं टिकेलही. सील टिकली का, हे मात्र तेल काढल्याशिवाय कळत नाही, आणि मधला हिवाळा कोणासाठी थांबत नाही.

जुनं तेल दुधाच्या रिकाम्या कॅनमध्ये भरून मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात दे, बहुतेक दुकानं फुकट घेतात. दुधाळ असेल तर आधी विचार, पाणी मिसळलेलं तेल काही ठिकाणी घेत नाहीत. गॅरेजच्या नाल्यात एक थेंबही जाऊ देऊ नकोस. तुझ्या नाल्याचं पाणी मेंडोटातच जातं, आणि पुढच्या जुलैत बाळाला तू त्याच पाण्यात उतरवणार आहेस.

बोट कधी काढतेस ते कळव. ज्या दिवशी तेल काढशील त्या दिवशी पहिल्या धारेच्या बाटलीचा फोटो पाठव, खिडकीच्या उजेडात धरून. एक त्याच संध्याकाळी, एक दुसऱ्या सकाळी. मी वाट बघते.

तुझी,
आत्या