वंशावळीतल्या आतेसासूबाई



घराण्याची वंशावळ लिहायला बसलं की मुलग्यांची नावं भराभर मिळतात, लेकींपाशी पेन अडतं. आमच्याकडे एका लेकीबद्दल तर कोणी बोलतच नसे. ती माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण, म्हणजे माझ्या आतेसासूबाई. "लग्नानंतर वर्षभरात तापाने गेली," एवढंच मी चाळीस वर्षं ऐकत आले. शेवटी नव्वदीतल्या चुलतसासूबाई बोलल्या, "ताप कसला गं! तिला वेड्यांच्या इस्पितळात ठेवली होती."

मी बी.कॉम. झालेली बाई, रकान्यांच्या वह्यांची मला भीती नाही. आधी गावचं कोतवाल बुक पाहिलं. त्यात गावातले जन्म-मृत्यू लिहिलेले असतात. तिच्या मृत्यूची नोंद तिथे नव्हती, म्हणजे ती गावात वारली नव्हती. मग प्रश्न आला, कुठलं इस्पितळ? राज्यातली जुनी सरकारी मनोरुग्णालयं चार: येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. पण आपल्या भागातल्या बायकांनी धारवाडही लक्षात ठेवावं, कारण 1956 पर्यंत धारवाड आपल्याच मुंबई राज्यात होतं. जिल्ह्याचं नावही जुनं शोधावं लागतं. आजचा सांगली जिल्हा 1960 पर्यंत कागदोपत्री 'दक्षिण सातारा' होता.

त्या काळी 1912 चा कायदा होता. नातेवाइकाचा अर्ज, दोन डॉक्टरांचे दाखले आणि मॅजिस्ट्रेटचा हुकूम, असं झालं की माणूस आत जाई. म्हणजे कागद फक्त इस्पितळातच नाही, कचेरीतही असू शकतो. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने स्वतःची कागदपत्रं पाहण्याचा हक्क रुग्णाला दिला आहे, आणि त्याची माहिती गुप्त राहण्याचाही. गेलेल्या माणसाच्या नातेवाइकाने म्हणूनच अदबीने, नातं दाखवणाऱ्या कागदांसह विचारावं. मी माहिती अधिकारात अर्ज केला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. वीस वर्षांहून जुन्या गोष्टींसाठी त्या कायद्यात 8(3) हे वेगळं कलम आहे, त्याचा उल्लेख केला. दोन ठिकाणांहून 'नोंद आढळली नाही' असं उत्तर आलं. तिसऱ्या ठिकाणी ती सापडली. त्या इस्पितळाचं नाव इथे लिहीत नाही.

या सगळ्यात मोठ्या जाऊबाई मात्र नाराज होत्या. "अगं, नातीला स्थळं बघतोय आपण. आता हे कशाला उकरून काढतेस?" त्यांची भीती खोटी नव्हती. आपल्यात सोयरीक जुळवताना चार घरं मागची चौकशी होते. मी ओळखीच्या मानसोपचार डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सत्तर वर्षांपूर्वीच्या रजिस्टरातला एक शब्द म्हणजे आजचं निदान नव्हे, आणि त्यावरून नातवंडांचं भविष्य तर मुळीच सांगता येत नाही.

नोंद होती 1953 ची. वय एकोणीस. धर्म: जैन. आणणारा: भाऊ. म्हणजे माझे सासरे. आजाराच्या रकान्यात 'मेलँकोलिया'. शेवटच्या रकान्यात मृत्यू, 1968. पंधरा वर्षं ती जिवंत होती आणि घरात तिचं सुतक कधीच फिटलेलं होतं.

सोबत दोन पानं निरीक्षणाची होती, इंग्रजीत. एके ठिकाणी लिहिलं होतं की रुग्ण संध्याकाळनंतर अन्न नाकारते, तोंड फिरवते. लिहिणाऱ्याने ते आजाराचं लक्षण म्हणून लिहिलं होतं. मैत्रिणींनो, तुम्हाला ते वेगळं सांगायला नको. रात्रीभोजनाचा त्याग पाळत होती ती! घरदार सुटलं तरी ती ते धरून होती. महिन्याभराने दुसऱ्या अक्षरात एक ओळ होती: हिला दिवस मावळण्याआधी ताट द्यावं. कोणातरी जाणत्या माणसाला कळलं असावं. ती ओळ मी जाऊबाईंना वाचून दाखवली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "तिची तिथी कोणती गं?"

सासऱ्यांना मी दोष देत नाही. सायकोसिससारख्या मनोविकारांवरचं क्लोरप्रोमझीन नावाचं पहिलं औषध पॅरिसच्या डॉक्टरांनी वापरलं तेच 1952 साली. आमच्या गावात 1953 ला भावाच्या हाती काय होतं? नांदणारी बहीण परत पाठवली गेलेली आणि दारात गाव जमलेलं. पण पुढे पंधरा वर्षं तिला 'गेली' म्हणायला नको होतं, असं मला वाटतं.

वंशावळीत आता तिचं नाव आहे, जन्म-मृत्यूची सालं आहेत. आजाराचं नाव मी तिथे लिहिलं नाही, ते तिचं खासगी आहे. कागदांच्या प्रती पाकिटात घालून मुलीकडे दिल्या आहेत. उद्या कुणाला डॉक्टरला सांगायची गरज पडली तर तिथून घ्याव्यात.

तुमच्याही घरात 'लवकर गेलेली' एखादी आत्या, मावशी असेल. घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईला या आठवड्यातच विचारा. नाव, गाव आणि अंदाजे साल, एवढं मिळालं तरी शोध सुरू करता येतो.