मागील बाकी

अंबाजोगाईतील एका जैन मंदिरालगतच्या सभागृहात गेल्या चातुर्मासात प्रौढांचा एक वर्ग भरत असे. आठवड्यातून दोन दिवस, दुपारी तीन ते पाच. सूर्यास्तापूर्वीच्या भोजनासाठी सर्वांना वेळेवर घरी पोचता यावे म्हणून ही वेळ ठरली होती. विषय होता आधुनिक जगाचा इतिहास, फ्रेंच राज्यक्रांतीपासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत. सर्वांत लहान विद्यार्थिनी चाळिशीतली, तर सर्वांत ज्येष्ठ विद्यार्थी ऐंशीच्या घरातले. शिकवणारे सर महाविद्यालयातून निवृत्त झालेले प्राध्यापक होते. परीक्षा नव्हती, प्रमाणपत्रही नव्हते. शेवटी प्रत्येकाने आपल्या घराच्या इतिहासाचे एक पान लिहून वाचावे, एवढीच अट होती.

अण्णांना हा उद्योग प्रारंभी पटला नव्हता. चाळीस वर्षे अडतीचे दुकान सांभाळून त्यांनी नुकताच कारभार मुलाच्या हाती सोपवला होता. "या वयात 'समयसार' वाचायचे सोडून नेपोलियन कशाला वाचायचा?" असे त्यांनी पत्नीला विचारले. काकू शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही दुकानात बसून रोज न्यूयॉर्कचा कापसाचा भाव बघत होतात. ते जग तेव्हा चालले, आता त्याची ओळख करून घ्यायला काय हरकत आहे?" अण्णा निरुत्तर झाले आणि वर्गाला येऊ लागले.

सरांनीही प्रारंभी कापूसच हाती घेतला. १८६१मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. गिरणीमालकांची दृष्टी हिंदुस्थानाकडे वळली. मुंबईच्या बाजारात भाव कडाडले, पैशाचा पूर आला, नव्या कंपन्यांचे पेव फुटले. १८६५मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. त्या तेजीचे अग्रणी प्रेमचंद रायचंद हे जैन गृहस्थ होते. तेही त्या मंदीतून सुटले नाहीत. तेजीच्या दिवसांत त्यांनी मुंबई विद्यापीठाला दिलेल्या दानातून मातोश्रींच्या नावाचा राजाबाई टॉवर उभा राहिला. घड्याळाच्या टोल्यांवरून मातोश्रींना सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची वेळ कळावी हा त्यामागील हेतू होता, असे आजही सांगतात.

ही हकिकत ऐकून सभागृहात समाधानाचे हसू उमटले. तेवढ्यात मागच्या रांगेतील एका भगिनींनी विचारले, "सर, युद्धापूर्वी अमेरिकेचा कापूस पिकवत कोण होते?" सर म्हणाले, "गुलाम. आफ्रिकेतून पकडून नेलेल्या माणसांची मुले-नातवंडे." क्षणभर कोणी बोलले नाही. मग त्या भगिनीच म्हणाल्या, "म्हणजे ते कापड नेसणाराही त्यात आला. कृत, कारित, अनुमोदित."

हे तीन शब्द जैन घरांत लहान मुलांच्याही कानांवरून जातात. पाप स्वतः करणे, दुसऱ्याकडून करविणे आणि कोणी केलेल्याला मनोमन संमती देणे, या तिन्हींची आलोचना प्रतिक्रमणात असते. त्या दिवसापासून हे शब्द वर्गाची मोजपट्टी झाले. जर्मनीचा विषय निघाला तेव्हा त्यांचे वजन अधिक जाणवले. सुमारे ६० लाख ज्यूंची हत्या थोड्या माथेफिरूंच्या हातून झाली नाही. याद्या करणारे कारकून, गाड्या सोडणारे रेल्वेचे कर्मचारी, शेजाऱ्याचे रिकामे झालेले घर बिनतक्रार ताब्यात घेणारे नागरिक, अशा असंख्य साध्या माणसांचा त्यात वाटा होता. एका आजोबांचा नातू जर्मनीत नोकरीला आहे. लग्नपत्रिकेवरचे स्वस्तिक पाहून तेथील सहकारी का दचकले, हे त्याने फोनवर सांगितले होते आणि आजोबा त्याच्यावर रागावले होते. आपले स्वस्तिक चार गतींचे मंगल प्रतीक आहे, हे सत्यच आहे. पण ज्यांची माणसे त्या वाकड्या क्रुसाच्या राज्यात मारली गेली, त्यांच्या डोळ्यांना ती आकृती कशी दिसत असेल, हेही सत्य आहे. आजोबांनी त्या संध्याकाळी नातवाला पुन्हा फोन केला.

शेवटच्या आठवड्यांत सर घराजवळ आले. निजामी राजवटीत अंबाजोगाईचे नाव मोमिनाबाद होते. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ लढ्यात उतरण्यापूर्वी याच गावात योगेश्वरी शाळेचे मुख्याध्यापक होते. हे सर्वांना अभिमानाने ठाऊक होते. लातूरच्या कासिम रझवीने रझाकारांना कसे चेतवले आणि खेड्यापाड्यांतून कशी लूट, जाळपोळ व हत्या झाल्या, हेही घराघरांत सांगितले जाते. विलीनीकरणाची बाजू घेणारे हैदराबादचे पत्रकार शोएबुल्ला खान यांचीही ऑगस्ट १९४८मध्ये हत्या झाली, हे मात्र अनेकांना नवे होते. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. येथवरचा इतिहास शाळेच्या पुस्तकात आहे.

सर तेथे थांबले नाहीत. पोलीस कारवाईच्या काळात आणि नंतर अनेक जिल्ह्यांत निरपराध मुसलमानांवर सूड उगवला गेला. त्याची पाहणी करण्यासाठी केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल यांचे शिष्टमंडळ पाठवले. त्याच्या अहवालात मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा आहे आणि उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड या चार जिल्ह्यांना सर्वाधिक झळ बसल्याचे म्हटले आहे. हा अहवाल कित्येक वर्षे लोकांसमोर आला नाही. जिवाची पर्वा न करता मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंची नोंदही त्यात आहे. मुसलमान विणकरांच्या मदतीला हिंदू विणकर धावून गेले होते.

"त्या वर्षीचे पंचांग पाहिले तर," सर म्हणाले, "ते पाच दिवस भाद्रपद शुद्ध पक्षातले, आपल्या दशलक्षण पर्वातले आहेत. क्षमावाणी त्यानंतर लगेचच आली." अण्णा त्या दिवशी कोणाशी न बोलता घरी गेले.

पाने वाचण्याचा दिवस उजाडला. अण्णांनी पिशवीतून एक जुनी लाल वही काढली. १९४७च्या दिवाळीला पूजन झालेली ही वडिलांची खातेवही होती. कुटुंब तेव्हा उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील एका खेड्यात राहत होते. रझाकारांच्या भीतीने आजी आणि घरातील बायका-मुलांना बार्शीला पाठवले होते, वडील एकटे दुकान राखत मागे थांबले होते. गावातील दोन घरे जळाली, दुकान एकदा लुटले गेले. अण्णांच्या पानाचा पहिला परिच्छेद हा होता.

दुसरा परिच्छेद वहीतील एका खात्याविषयी होता. गावातील एक पिंजारी आपली बचत वडिलांकडे ठेवत असे. त्याच्या नावे ४२ रुपये हाली शिक्का जमा होते. शेवटची नोंद भाद्रपद शुद्ध अष्टमीची. त्यानंतर त्या खात्यात काहीच नाही. पुढील प्रत्येक दिवाळीला वडील नव्या वहीत ही बाकी पुढे ओढत. निजामाचे चलन गेले तेव्हा सात हालीला सहा रुपये या दराने त्यांनी ४२चे ३६ केले आणि ते ३६ रुपये मरेपर्यंत वहीत राहिले. लहानपणी अण्णांनी एकदा विचारले होते, "बाबा, हा माणूस येतच नाही, मग नाव काढून का टाकत नाही?" वडील एवढेच म्हणाले होते, "देणे आहे."

"त्या दिवसांत तो बाबांच्या दाराशी आला होता का, बाबांनी दार उघडले का, मला माहीत नाही," अण्णांनी वाचले. "बाबांचे हात कृतात नव्हते, एवढे मी खात्रीने सांगतो. अनुमोदनेविषयी सांगू शकत नाही. आम्ही कधी विचारले नाही."

एक ज्येष्ठ सदस्य अस्वस्थ होऊन म्हणाले, "अण्णा, आपल्या लोकांचे किती हाल झाले! ते सोडून हे कशाला उकरायचे?"

"सोडले नाही, काका. पहिल्या परिच्छेदात तेच आहे," अण्णा म्हणाले. "पण ही दोन वेगळी खाती आहेत. एकाकडून येणे आहे म्हणून दुसऱ्याचे देणे त्यात वळते करता येत नाही. आपण व्यापारी माणसे, एवढे आपल्याला कळायला हवे."

ज्येष्ठ सदस्य काही बोलले नाहीत. मात्र पुढच्या वर्गाला ते आपले पान घेऊन आले आणि त्यातही दोन परिच्छेद होते.

प्रौढांनी इतिहास का शिकावा, याचे उत्तर त्या वर्गाला बहुधा तेथे मिळाले. विद्यार्थी सनावळी पाठ करतो आणि परीक्षेनंतर विसरतो. प्रौढ माणसाजवळ दुकान असते, घर असते, वडिलांविषयी न विचारलेले प्रश्न असतात. लँकेशायर, बर्लिन, हैदराबाद ही नावे त्या प्रश्नांना येऊन भिडतात. अनेकान्ताचा अर्थ सर्वांचे म्हणणे सारखेच खरे मानणे असा होत नाही. आपल्या घरातून दिसलेली बाजू अपुरी आहे, हे मान्य करून दुसऱ्याच्या अंगणातून काय दिसले ते पाहणे, हा त्याचा अर्थ आहे. तेवढे पाहिल्यावाचून क्षमा कशाबद्दल मागायची, हेच कळत नाही.

क्षमावाणीच्या दिवशी मंदिरात सर्वांना 'उत्तम क्षमा' म्हणून झाल्यावर अण्णा मुलासह त्या खेड्याला गेले. जुने दुकान पडले होते. पिंजाऱ्याचे घर कोणते, हे एका वृद्धाला आठवले. ते कुटुंब हैदराबादकडे गेल्याचे त्याने ऐकले होते, त्यापलीकडे कोणाला काही ठाऊक नव्हते. जागेवर आता पिठाची गिरणी आहे. अण्णा काही वेळ तेथे उभे राहिले, हात जोडले आणि परत आले.

दुकानाचा हिशेब आता संगणकावर असतो. तरी त्या दिवाळीला अण्णांनी एक कोरी वही आणवली आणि पूजन झाल्यावर मुलाकडून पहिल्या पानावर ते नाव लिहवून घेतले. पुढे लिहिले : मागील बाकी, जमा रुपये ३६.