ओळखीच्या निलगिरीचं अनोळखी रूप

निलगिरी म्हटलं की आपल्याला आठवते सर्दीवरच्या तेलाची बाटली, फार तर हायवेकडेची सरळसोट, सडपातळ झाडं. उटीच्या डोंगरांनी तिला हे नाव दिलं खरं, पण बाईसाहेबांचं माहेर ऑस्ट्रेलिया! तेल देणारी ‘ब्लू गम’ तर टास्मानियाचं राज्यफूल. तिची थोरली बहीण बघायची असेल, तर त्याच बेटावरचं स्टिक्सचं खोरं गाठा.

होबार्टहून कारने साधारण दीड-दोन तास. मेडिना गाव मागे पडतं, कच्चा रस्ता लागतो आणि मग नुसतं जंगल. बुंध्याशी उभी राहून मी वर बघत राहिले. मान दुखली, शेंडा काही दिसेना. ही ‘युकॅलिप्टस रेग्नन्स’. इथली काही झाडं ८० मीटरच्या पुढे, म्हणजे पंचवीसेक मजली टॉवरएवढी. खाली माणसापेक्षा उंच नेचे, शेवाळ आणि ओल्या मातीचा वास.

एवढ्या म्हाताऱ्या झाडाचा उपयोग काय? अशा खोडात मोठी ढोली पडायला शंभराहून जास्त वर्षं लागतात. पोपट, घुबडं, पॉसम तिथेच संसार थाटतात. नवी रोपं लावून ही घरं लगेच मिळत नाहीत.

टास्मानियातच ‘एल ग्रांदे’ नावाचं झाड होतं. उंची ७९ मीटर, आकारमान सुमारे ४४० घनमीटर. ते तोडायचं नाही असं ठरलं होतं. भोवतालचं जंगल मात्र तोडलं आणि २००३ मध्ये उरलेला काटक्याकुटक्यांचा पसारा पेटवून दिला. या जातीचं बी राखेत छान रुजतं, म्हणून ही तिथली नेहमीची पद्धत. आग एल ग्रांदेपर्यंत पोचली. कुऱ्हाड न लागताच ते मेलं.

म्हणजे एकटं झाड राखून भागत नाही, शेजारही राखावा लागतो. स्टिक्ससाठी लोक २००३-०४ मध्ये झाडावर मंच बांधून काही महिने राहिले. २०१३ मध्ये खोऱ्याचा काही भाग जागतिक वारसा क्षेत्रात आला. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलिया सरकारने या वाढीव क्षेत्रातले ७४,००० हेक्टर वगळायला सांगितलं. दोह्यातल्या बैठकीत युनेस्कोच्या समितीने साफ नकार दिला.

जायचंय? डिसेंबर ते फेब्रुवारी तिथला उन्हाळा, तरी रेनकोट हवाच. रस्ता चालू आहे ना, ते निघण्याआधी तपासा. आणि फोटो काढताना फ्रेममध्ये शेजारची झाडंही घ्या.