कणसाचं ओझं

मार्गशीर्षात छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे निघालं की काळ्या रानात शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, उभा दिसतो. हस्ताच्या ओलीवर पेरलेला. त्यानंतर आभाळाकडून त्याला फारसं काही मिळत नाही. मातीने पोटात जपलेल्या ओलाव्यावर ताट डोक्यावर जातं, पोटरीत येतं, निसवतं आणि टोकाला भरगच्च कणीस धरतं. बोटाएवढ्या खोडाने इतक्या उंचीवर हे ओझं पेलावं! त्या रानापुढे हात आपोआप जोडले जातात.

भाताच्या जुन्या उंच वाणांना हे जमत नसे. युरिया पडला की खालची पेरं लांबत, लोंबी जड होई आणि वाऱ्यापावसात उभं शेत लोळे. त्यावरचा उतारा तैवानच्या दी-जिओ-वू-जेन या बुटक्या भातात निघाला. त्याच्या एका जनुकात खोट आहे. त्यामुळे जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक कमी बनतं आणि पेरं आखूड राहतात. त्याच्या संकरातून 1966 साली फिलिपिन्समध्ये आयआर-8 आला. पुढे आंबेमोहर आणि आयआर-8 यांच्या मिलाफातून वडगाव मावळची इंद्रायणी झाली. ताटातल्या त्या घमघमत्या भातामागे एका जनुकाची खोट आहे, हे मला फार लोभस वाटतं.

ज्वारीतही बुटकेपणा आला. 1964 च्या सीएसएच-1 या संकरित वाणाची आई अमेरिकेतली, कंबाइनने कापता यावी म्हणून ठेंगणी केलेली. पेरं तेवढीच, पण प्रत्येक पेर आखूड. खरिपात हायब्रीड पसरली. रब्बीत मात्र शेतकऱ्याने मालदांडी ही उंच ज्वारी सोडली नाही. भाकरीची चव होतीच; शिवाय ताटाची उंची म्हणजे कडबा आणि कडबा म्हणजे उन्हाळ्यात दावणीला तगलेली जनावरं. भातातला उपाय इथे जसाच्या तसा लावणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही.

कारण शाळू केवळ उंचीमुळे पडत नाही. दाणा भरत असताना ओल संपते, कणीस खोडातला साठा ओढून घेतं, आणि दुबळ्या मुळांतून जमिनीतली बुरशी आत शिरते. हाच खडखड्या. आतला गर झडतो, काळे पडलेले धागे उरतात आणि ताट बुडातून कलंडतं. कणीस जितकं हावरं, तितकं खोड रितं. शेवटपर्यंत पानं हिरवी राखणारी वाणं म्हणूनच जास्त तग धरतात.

आणि निसर्गाने ओझं व आधार यांत नेहमीच वैर ठेवलेलं नाही. जपानी संशोधकांनी 2010 मध्ये हाबाताकी या भातातलं एक जनुक दाखवलं. त्याचं ते रूप लोंबीतले दाणेही वाढवतं आणि खोडही जाड करतं. जास्त पीक मागणाऱ्याने झाड खुजंच केलं पाहिजे, असा काही नियम नाही.

मालदांडी 35-1 हीसुद्धा कुणीतरी निवडलेलीच. मोहोळच्या संशोधन केंद्रात, गावठी मालदांडीतून. म्हणून काढणीला शिवारात असाल, तर लोळलेल्या ज्वारीत जे ताट भरल्या कणसानिशी उभं असेल, त्याचं कणीस खळ्यावर मिसळू देऊ नका; बियाण्यासाठी वेगळं बांधून ठेवा.