दप्तराबाहेरचे ३,६४९ गुण

१५ फेब्रुवारी २०२४ च्या रात्री आयोवा सिटीच्या कार्व्हर-हॉकआय क्रीडागारात केटलिन क्लार्क हिने, एरवी कोणी धजणार नाही इतक्या अंतरावरून, चेंडू जाळीत धाडला आणि महिलांच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये सर्वाधिक गुण मिळवणारी खेळाडू तीच, अशी देशभर द्वाही फिरली, तेव्हा दूरचित्रवाणीसमोर बसलेल्या माझ्या मनाला जो चटका बसला तो अद्याप शमलेला नाही. मोडला म्हणून सांगितलेला विक्रम केल्सी प्लम हिचा, ३,५२७ गुणांचा; आणि कॅन्सस विद्यापीठाच्या लिनेट वुडर्डने १९८१ सालीच ३,६४९ गुणांवर आपली कारकीर्द संपवली होती. त्या गुणांपैकी काही मी माझ्या डोळ्यांनी पाहिले होते.

यजमानांच्या संशोधनानिमित्त आम्ही तेव्हा कॅन्सस विद्यापीठाच्या गावी, लॉरेन्स येथे, राहत होतो. पुण्यात महाविद्यालयाच्या संघातून मी खेळले होते, त्यामुळे ज्या जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ साली हा खेळ निर्माण केला ते याच विद्यापीठात शिकवीत आणि याच गावी चिरविश्रांती घेत आहेत, हे कळल्यावर माझी पावले विद्यापीठाच्या ॲलन फील्डहाउस या क्रीडागाराकडे वळली यात नवल नव्हते. पुरुषांच्या सामन्याला तेथे तीळ ठेवायला जागा नसे. मुलींच्या सामन्याला मात्र वाटेल त्या बाकावर बसावे.

विचिटाहून आलेली लिनेट, ती उंच, सडपातळ मुलगी, प्रथम पाहिली तेव्हा तिच्या गुणांकडे माझे लक्षच नव्हते. फेकलेला चेंडू कड्यावर आदळून कोणत्या बाजूला उसळणार, हे जणू आधीच ठाऊक असल्याप्रमाणे ती त्या ठिकाणी पोहोचलेली असे. प्रतिपक्षाच्या हातून चेंडू हिरावून घेताना तिच्या मुद्रेवर ना क्रोध ना विजयोन्माद. आणि दोघी-तिघींच्या गराड्यातून वर उठून चेंडू जाळीत टाकून ती तितक्याच शांतपणे बचावासाठी परत धावे. प्रशिक्षिका मॅरियन वॉशिंग्टन बाजूला उभ्या राहून सूचना देत. पुण्यात आम्हांला संध्याकाळी मैदान मोकळे करून मुलांच्या हवाली करावे लागे आणि त्याविरुद्ध केलेला आमचा अर्ज दप्तरी दाखल झाला तो कायमचाच. अशा पार्श्वभूमीवर एक स्त्री दुसऱ्या स्त्रीला हा खेळ इतक्या गांभीर्याने शिकवीत आहे, हे दृश्यच मला अपूर्व वाटे.

आता मूळ अन्यायाकडे येते. मुलींच्या महाविद्यालयीन स्पर्धांचा सारा कारभार त्या काळी १९७१ मध्ये स्थापन झालेली एआयएडब्ल्यू ही, स्त्रियांनीच चालवलेली, संघटना पाहत असे. पुरुषांच्या खेळांवर हुकमत असलेल्या एनसीएएला स्त्रियांच्या खेळाचे इतके वावडे, की शिक्षणात लिंगभेदास मनाई करणारा १९७२ चा कायदा क्रीडेला लागू होऊ नये म्हणून तिने सरकारवर दावाही लावला होता. पुढे वारा फिरलेला पाहून त्याच संस्थेने १९८१-८२ च्या हंगामापासून मुलींच्या बास्केटबॉलची स्वतःची अजिंक्यपद स्पर्धा सुरू केली. संघ तिकडे वळले, १९८२ मध्ये जुनी संघटना बरखास्त झाली आणि तिने न्यायालयात केलेली फिर्यादही खारीज झाली. इथवर एक वेळ समजू शकते. संस्था उदयास येतात, लयास जातात. परंतु गावाचा ताबा घेतलेल्या नव्या तलाठ्याने मागील फेरफार सातबाऱ्यावर उतरवूच नयेत आणि जमीन आजवर बेवारस होती असे लिहून मोकळे व्हावे, तसे या नव्या कारभाऱ्यांनी केले. मैदान तेच, विद्यापीठे तीच. केवळ शिक्का निराळा म्हणून चार वर्षांचे ३,६४९ गुण अधिकृत नोंदवहीबाहेर राहिले.

आणि ते गुण कसे मिळवले होते? तीन गुणांची रेषा मुलींच्या खेळात आली ती १९८७-८८ मध्ये. लिनेटच्या वेळी दुरून टाकलेल्या चेंडूलाही दोनच गुण पडत. मुलींसाठीचा लहान चेंडू १९८४ नंतरचा. ती खेळली ती पुरुषांच्याच मोठ्या चेंडूने. सामने तिचेही १३९ आणि क्लार्कचेही १३९. तुलना करू नये असे म्हणणाऱ्यांनी हे आकडे निदान शेजारी शेजारी मांडून पाहावेत. अमेरिकेत पुढची वाट नसल्याने लिनेट इटलीत खेळली. १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणाऱ्या संघाची ती कर्णधार होती, १९८५ मध्ये हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या प्रदर्शनी सामने खेळणाऱ्या संघातली पहिली स्त्री ठरली. आणि डब्ल्यूएनबीए ही स्त्रियांची व्यावसायिक स्पर्धा १९९७ मध्ये सुरू झाली तेव्हा तिची पस्तिशी उलटून गेली होती.

२०२४ च्या २८ फेब्रुवारीला मिनेसोटाविरुद्ध क्लार्कने ३३ गुण केले आणि तिची बेरीज झाली ३,६५०: लिनेटपेक्षा बरोबर एक अधिक. त्या मुलीवर माझा राग कधीच नव्हता, असे म्हणवत नाही; पंधरवडाभर होताच. पण तिचे पास पाहावेत! सहकारिणीने मान वळवण्यापूर्वीच चेंडू तिच्या हातात पोहोचलेला असतो, आणि तिच्यासाठी क्रीडागारे ओसंडून वाहू लागली हे पाहून ॲलन फील्डहाउसमधली ती रिकामी बाके आठवणाऱ्या मला आनंद होऊ नये तर काय व्हावे? ३ मार्चला पुरुषांच्या महाविद्यालयीन खेळातील पीट मॅराविच यांचा ३,६६७ गुणांचा विक्रम मागे पडला तेव्हा लिनेट स्वतः आयोवा सिटीत उपस्थित होती. क्लार्क नसती तर तिचे नाव या पिढीने ऐकलेही नसते, असे माझी नात म्हणाली, आणि ते खरे आहे. पण ज्या गोष्टीची नोंद सरळ व्हायला हवी होती तिला अशा निमित्ताची वाट पाहावी लागावी, हे मला सहन होत नाही.

जुने गुणतक्ते त्या त्या विद्यापीठांत जपलेले आहेत. ते तपासून सबंध काळाची नोंदवही नव्याने बांधावी, आणि आपल्याकडच्या क्रीडामंडळांनीही मुलींच्या जुन्या स्पर्धांचे कागद रद्दीत जाण्यापूर्वी गोळा करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र तशी नोंदवही बांधली तर ती लिनेटपाशी थांबणार नाही. साउथ कॅरोलायनातील फ्रान्सिस मॅरियन या लहानशा महाविद्यालयाच्या पर्ल मूर हिने, आधीच्या कनिष्ठ महाविद्यालयातील थोडे सामने धरून, १९७९ पर्यंत ४,०६१ गुण केले. क्लार्कची अखेरची बेरीज ३,९५१ आहे. लहान महाविद्यालय म्हणून मूरला बाजूस सारावे, असे सुचवणाऱ्यांशी माझे मुळीच जमत नाही. पण तिला मी खेळताना पाहिलेले नाही, आणि लिनेटसाठी भांडताना जो आवेश येतो तो तिच्यासाठी भांडताना येत नाही, हेही खरेच.